गोवा ते मॉरिशस: लांबच्या सागरी सफरीत बोट आणि बोटीवरची माणसे धड राखण्याची रीत

गोव्यातील दिवाडी बेटावरच्या गोदीत बांधलेली ‘तारिणी’ ही सुमारे १७ मीटर लांबीची शिडाची बोट फेब्रुवारी २०१७ मध्ये नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी १० सप्टेंबरला सहा महिला अधिकारी तिच्यातून गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतल्या. पुढे २ ऑक्टोबर २०२४ रोजी लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघीच तीच बोट घेऊन निघाल्या आणि सुमारे २५,६०० सागरी मैल कापून २९ मे २०२५ रोजी गोव्यात आल्या. एकच बोट दोनदा पृथ्वीभोवती जाऊन येते, यामागे बांधणीचे कौशल्य आहेच. पण त्याहून मोठा वाटा रोजच्या निगराणीचा आहे. समुद्रावर वस्तू सहसा एकाएकी मोडत नाही. ती आधी झिजते, सैल होते, पाझरते, आवाज करते. माणसाचेही तसेच आहे: तो आधी कमी पाणी पितो, कमी झोपतो, कमी बोलतो आणि मग एके दिवशी डोलकाठीपाशी त्याचा हात चुकतो. हा लेख त्या आधीच्या खुणा वेळेवर कशा ओळखायच्या याविषयी आहे.

उदाहरणासाठी मी गोवा ते मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईस हा मार्ग धरते. सरळ रेषेत हे अंतर सुमारे २,३५० सागरी मैल भरते. सरासरी पाच नॉटने, म्हणजे ताशी पाच सागरी मैलांनी, वीस दिवस लागतील. विषुववृत्ताजवळच्या निर्वात पट्ट्यात वारा पडला तर आणखी तीन-चार दिवस जातील. म्हणून चार माणसांची बोट, चोवीस दिवसांची सफर आणि एप्रिलच्या उत्तरार्धात प्रस्थान असा हिशेब मी मांडला आहे. अरबी समुद्रात चक्रीवादळे मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात होतात, तर दक्षिण हिंदी महासागरात त्यांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो. मधली फट अरुंद आहे आणि तयारी रखडली की ती निसटते.

निघण्यापूर्वीचे सहा आठवडे

तयारीची सुरुवात डोलकाठीच्या टोकापासून करावी, कारण तिथे पुन्हा चढण्याची संधी समुद्रावर मिळेलच असे नाही. डोलकाठीला आधार देणाऱ्या स्टीलच्या तारा मध्येच सहसा तुटत नाहीत; त्या जिथे टोकाच्या नळीत दाबून बसवलेल्या असतात तिथे तुटतात. खालच्या नळीच्या तोंडात खारे पाणी साचते आणि आतून गंज धरतो. त्या तोंडापाशी तांबूस ओघळ दिसला, नळीवर केसाएवढी चीर दिसली किंवा तारेचा एखादा पदर सुटलेला दिसला, तर ती तार बदलावी. चीर डोळ्यांना दिसत नसेल तर रंग झिरपवून भेगा दाखवणारे रसायन वापरावे. तारेवरून कापसाचा बोळा वरपासून खालपर्यंत फिरवला तर तुटलेला पदर कापसाचे तंतू धरून ठेवतो; या तपासणीला कोणतेही यंत्र लागत नाही. तारा दहा-बारा वर्षांच्या झाल्या असतील तर त्या कितीही चकचकीत दिसोत, लांबच्या सफरीपूर्वी सगळ्या बदलाव्यात असे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर सुकाणू. २०१८ च्या एप्रिलमध्ये ‘तारिणी’ला केप टाऊनहून घरी येताना सुकाणूच्या यंत्रणेतील बिघाडामुळे ठरवलेले नसताना पोर्ट लुईसला थांबावे लागले होते. इतक्या निगुतीने राखलेल्या बोटीवर हे घडू शकते, तर आपण सुकाणूकडे दुप्पट लक्ष द्यायला हवे. बोट गोदीवर ओढलेली असताना सुकाणूचे पाते दोन्ही हातांनी धरून आडवे हलवावे. ते खडखडले तर बेअरिंग झिजले आहे. चाकापासून सुकाणूपर्यंत जाणाऱ्या तारांचा ताण, कप्प्यांचे बोल्ट आणि तळाशी असलेला दांडा आतून टॉर्चने पाहावा. संकटकाळी लावायचा सुट्टा दांडा प्रत्येक बोटीवर असतो, परंतु तो प्रत्यक्ष लावून पाहिलेला फार थोड्या ठिकाणी आढळतो. आग्वादच्या बाहेर जाऊन, चांगला वारा असताना, त्या दांड्यावर तासभर बोट चालवावी. तो खोबणीत बसतो का, त्याला फिरायला जागा पुरते का आणि तो धरणाऱ्याच्या खांद्यांत तासभराचे बळ आहे का, हे तेव्हाच कळते.

बोटीच्या तळाला जितकी भोके आहेत, म्हणजे संडास, मोरी, इंजिनाचे थंड पाणी, तितक्या झडपा मोजून प्रत्येक झडप उघडबंद करावी आणि प्रत्येकीशेजारी तिच्या मापाची मऊ लाकडाची खुंटी दोरीने बांधून ठेवावी. डिझेलच्या टाकीविषयी गोव्याच्या हवेत विशेष काळजी घ्यावी लागते. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेतील पाणी तळाशी साठते, त्या पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर जिवाणू वाढतात, आणि पहिल्या मोठ्या लाटेत तळ ढवळला की तो काळा चिखल फिल्टरमध्ये येऊन इंजिन बंद पडते. टाकी उपसून आतून पुसून घ्यावी, निघताना काठोकाठ भरावी आणि फिल्टर किमान सहा तरी जवळ ठेवावेत.

माणसांची डागडुजीही याच सहा आठवड्यांत करायची असते. प्रत्येकाने दंतवैद्याकडे जाऊन यावे. दाढदुखीने बेजार झालेला माणूस किनाऱ्यापासून हजार मैलांवर कोणत्याही कामाचा उरत नाही. आपापली नेहमीची औषधे सफरीच्या दुप्पट दिवसांची घ्यावीत आणि ती दोन ठिकाणी विभागून ठेवावीत. औषधांची पेटी डॉक्टरांना मार्ग, दिवस आणि माणसांचे आजार सांगून भरून घ्यावी, आणि कोणते औषध कशासाठी व किती, हे त्यांच्याकडूनच मराठीत लिहून घ्यावे. रात्री दोन वाजता, बोट तिरकी असताना, बारीक इंग्रजी चिठ्ठी वाचणे कठीण जाते. संकटाचा इशारा उपग्रहाला देणाऱ्या ४०६ मेगाहर्ट्झच्या बीकनची नोंदणी बेंगळुरूच्या भारतीय मिशन नियंत्रण केंद्रात आहे ना आणि त्या नोंदीतील घरचे दूरध्वनी चालू आहेत ना, हेही तपासून घ्यावे.

पुरुमेंत

गोव्यात एप्रिल-मे महिन्यांत घरोघरी पुरुमेंत भरण्याची लगबग असते. पावसाच्या चार महिन्यांसाठी उकडे तांदूळ, कडधान्ये, सुक्या मिरच्या, सोले (आमसुले), चिंच, सुके बांगडे, सुकी सुंगटे (कोळंबी), खारातले तोर (कैऱ्या), आंब्याफणसाची साठे असे सगळे वाळवून, खारवून, हवाबंद करून ठेवण्याची ही रीत आपल्या आजी-आयांनी पिढ्यान्‌पिढ्या तावूनसुलाखून घेतलेली आहे. बोटीच्या शिध्याला याहून चांगला पाया मला ठाऊक नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका फेरीत बोटीचा अर्धा शिधा मिळतो. कांदे निवडून मुळी न कापलेले घ्यावेत आणि बटाट्यांपासून दूर, हवेशीर जाळीत टांगावेत. लाल भोपळा देठासह घेतला तर तो महिनाभर सहज टिकतो. कोबी, लिंबे आणि कच्ची केळी त्याखालोखाल. अंडी न धुतलेली आणि फ्रीजमध्ये न ठेवलेली घ्यावीत, त्यांना बोटाने तेलाचा पातळ हात लावावा आणि दर दोन-तीन दिवसांनी उलटी करून ठेवावीत. पुठ्ठ्याचे एकही खोके बोटीवर येऊ देऊ नये, कारण झुरळांची अंडी त्यातूनच येतात. पत्र्याच्या डब्यांवरचे कागद ओलाव्याने निघून जातात, म्हणून आत काय आहे ते झाकणावर पक्क्या शाईने लिहावे.

ताजी भाजी साधारण दहाव्या-बाराव्या दिवशी आटोपते. त्यानंतर मूग आणि मटकीला मोड आणणे हा उत्तम उपाय आहे. ओल्या फडक्यात बांधून ठेवलेल्या कडधान्याला गरम समुद्रावर एका दिवसात मोड येतात, ते थोड्याच पाण्यात होतात, आणि मोडांतून क जीवनसत्त्वही मिळते. बोट फार हलत असेल त्या दिवशी प्रेशर कुकरमध्ये उकड्या तांदळाची पेज करावी. झाकण बंद असल्याने कुकर कलंडला तरी अन्न सांडत नाही. स्वयंपाक करणाऱ्याने मात्र उघड्या पायांनी शेगडीसमोर उभे राहू नये. बोटीवरच्या बहुतेक गंभीर भाजण्या उकळत्या पाण्याच्या असतात. वाटी नेहमी अर्धीच भरावी, ती वाढणाऱ्याने हातात देऊ नये, तर मोरीत ठेवावी आणि घेणाऱ्याने तिथून उचलावी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर बोटीच्या तळाशी साठतो. म्हणून शेगडीची कळ बंद करणे पुरेसे नाही, काम झाले की सिलिंडरच बंद करावा.

पाण्याचा हिशेब कडक ठेवावा. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज तीन लिटर हे किमान आहे. उष्ण कटिबंधात मी चार धरते. चार माणसे, चोवीस दिवस, रोज चार लिटर म्हणजे ३८४ लिटर. त्यात निम्मी भर घातली की ५७६ लिटर होतात. हे पाणी किमान दोन स्वतंत्र टाक्यांत आणि काही कॅनमध्ये असावे. समुद्राच्या पाण्यातून गोडे पाणी काढणारे यंत्र बोटीवर असले तरी या हिशेबात ते धरू नये. डेकवरील डिझेल भरण्याचे आणि पाणी भरण्याचे तोंड शेजारी-शेजारी असेल, तर एकाला लाल आणि दुसऱ्याला निळा रंग दिल्याशिवाय निघू नये. चुकून डिझेल गेलेली पाण्याची टाकी धुऊन पुन्हा वापरण्याजोगी करणे समुद्रावर शक्य होत नाही.

पहिले तीन दिवस

मुरगावच्या नांगरवाड्यातली मालवाहू जहाजे मागे पडली की समुद्र मोकळा झाला असे वाटते. पण पहिली रात्र सर्वांत गजबजलेली असते. मासेमारीची बंदी १ जूनला सुरू होते, म्हणजे एप्रिलमध्ये ट्रॉलर आणि पर्ससीनच्या बोटी भर हंगामात असतात. त्यांतील अनेकांवर आपली ओळख प्रसारित करणारे यंत्र नसते आणि जाळ्यांच्या टोकाला एखादाच मिणमिणता दिवा असतो. या रात्री दोघांनी मिळून पहारा करावा.

याच दिवसांत समुद्र लागतो. तो कोणालाही लागू शकतो, अगदी मासेमार कुटुंबातल्या माणसालाही, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. डॉक्टरांनी सुचवलेली गोळी आदल्या रात्रीच घ्यावी, कारण उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. ती गोळी आधी एकदा जमिनीवर घेऊन पाहिलेली असावी, म्हणजे कितपत झोप येते ते कळते. आजारी माणसाला खाली केबिनमध्ये ठेवू नये. त्याला वर, क्षितिज दिसेल असे बसवावे, शक्य असेल तर सुकाणू हातात द्यावे, आणि हार्नेसचा, म्हणजे माणसाला बोटीशी बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याचा, हूक अडकवल्याशिवाय त्याला कठड्यापाशी जाऊ देऊ नये. उलटीसाठी बादली बरी. खरा धोका पाणी कमी होण्याचा असतो. एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे मिश्रण दर पाच मिनिटांनी घोटभर द्यावे. आल्याचा तुकडा आणि मीठ घातलेली पातळ पेज बहुतेकांना दुसऱ्या दिवशी चालते. तिसऱ्या दिवसापर्यंत शरीर सहसा सावरते. जो सावरत नाही, पाणीही ठेवू शकत नाही आणि ज्याची लघवी जवळजवळ थांबली आहे, त्याच्यासाठी परत फिरण्याचा निर्णय घेण्यास कचरू नये. मागे वळायला गोवा अजून जवळ असतो.

सकाळची फेरी

या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही. रोज सकाळी उजाडल्यावर एका माणसाने नाळेपासून पिछाडीपर्यंत आणि परत, डेकची संपूर्ण फेरी करावी. हार्नेस अडकवलेला असावा, खिशात पकड आणि चिकटपट्टी असावी, आणि चाल अगदी सावकाश असावी.

आधी डेककडे पाहावे. रात्री उडून पडलेले मासे उचलून टाकताना मी डेकची इंच न्‌ इंच नजरेखालून घालते, कारण वरून पडलेला एखादा नट, तुटलेली पिन किंवा दोराचा तंतू तिथेच सापडतो. एका सफरीत नवव्या दिवशी सकाळी डोलकाठीच्या पायथ्याशी अर्धी तुटलेली स्प्लिट पिन मला मिळाली. जेमतेम दोन सेंटिमीटरचा तो तुकडा, एक पाय सरळ आणि दुसरा मुडपून तुटलेला. आम्ही वरपासून खालपर्यंत प्रत्येक सांधा पाहिला आणि शेवटी बूम, म्हणजे मोठ्या शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, डोलकाठीला जोडणाऱ्या सांध्यातील बोल्ट निम्मा वर सरकलेला आढळला. तो पुरता निघाला असता तर पुढच्या झोतात बूम सुटून सुकाणूवरच्या माणसावर आला असता. नवी पिन घालून, तिचे पाय वळवून, वर चिकटपट्टी गुंडाळायला दहा मिनिटे लागली.

त्यानंतर दोर. लांबच्या सफरीत दोरांचा मोठा वैरी वारा नसून घर्षण आहे. शीड वर ओढणारा हॅलियार्ड डोलकाठीच्या टोकावरील कप्पीवर रात्रंदिवस एकाच जागी घासत राहतो, म्हणून रोज सकाळी तो चार बोटे सैल करावा किंवा ताणावा, म्हणजे घासण्याची जागा बदलते. त्यासाठी सुरुवातीलाच दोर दीडदोन मीटर लांब ठेवावा आणि झिजलेले टोक वेळोवेळी कापून टाकावे. दोर हातातून फिरवताना डोळ्यांआधी बोटांना कळते: झिजलेली जागा खरखरीत आणि किंचित चपटी लागते. जिथे दोर कठड्याला, तारेला किंवा शिडाच्या कडेला टेकतो, तिथे जुन्या पाइपाचा चिरलेला तुकडा किंवा चामडे बांधावे. वारा मागून असताना मोठे शीड बाजूच्या तारांवर टेकून घासते. तिथे शिडाला जाड कापडाची ठिगळे आधीच शिवून घ्यावीत आणि बूम मागे-पुढे आपटू नये म्हणून तो दोराने पुढे ताणून ठेवावा.

डोलकाठीचा वरचा भाग दुर्बिणीने डेकवरून पाहावा. आठवड्यातून एकदा, समुद्र शांत असेल तेव्हा, एकाने वर चढून प्रत्यक्ष हात लावावा. निर्वात पट्ट्यातील कंटाळवाणे दिवस या कामासाठी सोन्यासारखे असतात.

शेवटी खाली यावे. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळाशी, पाणी असेल तर ते बोटावर घेऊन चाखावे. गोडे असेल तर टाकी गळते आहे, खारे असेल तर समुद्र आत येतो आहे. ते उपसायला पंपाचे किती हेलकावे लागले, तो आकडा लॉगबुकमध्ये लिहावा. काल बारा, आज बारा, तर चिंता नाही. काल बारा, आज वीस, उद्या पस्तीस, तर इंजिनापासून पंख्याकडे जाणाऱ्या दांड्याभोवतीचे पाणी अडवणारे पॅकिंग, झडपा आणि नळ्या तपासायलाच हव्यात. इंजिनाचे तेल, थंड करणाऱ्या पाण्याची गाळणी आणि डिझेलमधील पाणी वेगळे करणारी काचेची वाटी रोज पाहावी. बारा व्होल्टच्या साध्या बॅटऱ्या निम्म्याहून खाली जाऊ देऊ नयेत, विश्रांतीत १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, असा अंदाज धरावा. सौर पट्ट्यांवर मिठाचा थर बसतो, तो गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसला की वीज लगेच वाढलेली दिसते.

झोप आणि पहारा

चार माणसे असतील तर रात्री एकेकाने तीन तास पहारा करावा आणि नऊ तास मोकळे असावे. कप्तानाला पहाऱ्यातून मोकळे ठेवून उरलेल्या तिघांनी तीन तास काम, सहा तास विश्रांती अशी वाटणीही करता येते. माझी पसंती दुसऱ्या पद्धतीला आहे, कारण मग कोणत्याही वेळी हाक मारण्यासाठी एक ताजे माणूस शिल्लक असते. पहाऱ्याची वेळ कधीही ताणू नये. ‘त्याला झोपू दे, मी आणखी तासभर बसते’ हा उदारपणा तिसऱ्या दिवशी महागात पडतो, कारण मग दोघांचेही वेळापत्रक विस्कटते. पुढच्याला पंधरा मिनिटे आधी उठवावे, गरम काहीतरी द्यावे, आणि डोळे अंधाराला सरावल्यावरच बोट त्याच्या हाती सोपवावी. सोपवताना दिशा, वारा, दिसणारे दिवे, शिडांची स्थिती आणि आपल्याला वाटलेली कोणतीही शंका तोंडाने सांगावी.

बसलेल्या माणसाची नजर समुद्रसपाटीपासून अडीच मीटरवर असेल तर त्याचे क्षितिज जेमतेम सव्वातीन मैलांवर असते. मोठे जहाज उंच असल्याने स्वच्छ हवेत बऱ्याच लांबून दिसते. पण धुरकट हवेत ते पाच मैलांवर दिसले आणि दोघांचा एकत्रित वेग पंचवीस नॉट असला, तर बारा मिनिटे हातात उरतात. त्यामुळे दर दहा मिनिटांनी उभे राहून सगळीकडे नजर फिरवावी. यंत्राच्या पडद्यावर काही दिसत नाही म्हणून समुद्र रिकामा आहे असे समजू नये. रात्री एकट्याने डेकवर पुढे जायचे नाही, हा नियम कप्तानालाही लागू असावा. दुसऱ्याला उठवल्याशिवाय शीड कमी करता येणार नसेल तर उठवावे. त्याबद्दल कुरकुर करण्याची मुभा कोणालाही नसावी.

शरीराची फेरी

बोटीची फेरी होते तशी माणसांचीही रोज एकदा फेरी व्हावी. संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी कप्तानाने प्रत्येकाला तीन साधे प्रश्न विचारावेत: किती झोपलात, किती पाणी प्यालात, अंगावर काही दुखते-खुपते का. हे प्रश्न चारचौघांत विचारले तर कोणी खरे सांगत नाही, म्हणून मी ते भांडी घासताना, शेजारी उभे राहून विचारते.

एकदा आमच्यातील एक मुलगी पाचव्या दिवसापासून चिडचिडी झाली, डोके दुखते म्हणू लागली आणि दुपारी झोपून राहू लागली. सगळ्यांना तो समुद्राचा त्रास वाटला. मी लघवीचा रंग विचारला तेव्हा तिने खाली पाहत सांगितले की तो गडद पिवळा आहे, आणि रात्री हार्नेस, रेनकोट, विजार सगळे उतरवून संडासात जाणे इतके जिवावर येते की सायंकाळनंतर तिने पाणी पिणेच सोडले आहे. स्त्रियांमध्ये ही सवय फार आढळते आणि त्यातून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो. आम्ही कंबरेपासून वेगळी उघडणारी विजार तिला दिली, तिच्या पहाऱ्यात मध्यावर पाच मिनिटे कोणीतरी वर बसायचे ठरवले आणि प्रत्येकाच्या नावाची दोन लिटरची बाटली रोज भरून ठेवू लागलो. दोन दिवसांत ती पूर्ववत झाली. मासिक पाळीच्या साहित्याचीही व्यवस्था अशीच उघडपणे, निघण्यापूर्वी, टाकायच्या पिशव्यांसह करावी.

खाऱ्या पाण्याने भिजलेल्या कपड्यांत बसून राहिल्याने बैठकीवर पुरळ आणि मग गळवे येतात. रोज कपभर गोड्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने काखा, जांघा आणि बैठक पुसून पूर्ण कोरडी करावी, सैल सुती कपडे घालावेत आणि लाली दिसताच झिंक ऑक्साइडचे मलम लावावे. मिठाने कडक झालेले कपडे अंथरुणात येऊ देऊ नयेत, कारण मीठ हवेतला ओलावा ओढून सगळे अंथरूण ओले करते. हाताला झालेली बारीकशी कापणीही दमट हवेत दोन दिवसांत पिकते. ती गोड्या पाण्याने धुऊन, पोव्हिडोन आयोडिन लावून, कोरडी झाकून ठेवावी आणि त्या माणसाला दोन दिवस ओल्या कामातून सोडावे. बद्धकोष्ठ ही बोटीवरची न बोलली जाणारी व्यथा आहे. पाणी, मोड आलेले कडधान्य आणि संडासासाठी घाई नसलेली ठरावीक वेळ, एवढ्याने ती बहुधा सुटते.

मनाचेही तसेच. दुसऱ्या आठवड्यात नवलाई ओसरते, किनारा अजून दूर असतो आणि चमचा कोठे ठेवला यावरून वाद होतात. दिवसातून एक जेवण सर्वांनी एकत्र करावे. आम्ही ते तिन्हीसांजेला करतो. प्रत्येकाला थोडी अशी जागा आणि वेळ असावी जिथे त्याच्याशी कोणी बोलणार नाही. जो नेहमी बोलका असतो तो गप्प झाला, किंवा जो नीटनेटका असतो त्याचे अंथरूण विस्कटलेले राहू लागले, तर त्याला एक पूर्ण रात्र पहाऱ्यातून सोडावे. बहुतेक वेळा झोपच हवी असते.

वारा आणि वायुभारमापक

शीड कमी करण्याचा विचार मनात आला की त्याच क्षणी कमी करावे. संध्याकाळी ढग चढलेले असतील तर अंधारापूर्वीच. वायुभाराची, म्हणजे हवेच्या दाबाची, नोंद प्रत्येक पहाऱ्यात करावी. उष्ण कटिबंधात तो रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास सर्वाधिक, चारच्या सुमारास सर्वांत कमी; म्हणून एका आकड्यावरून घाबरू नये, कालच्या त्याच वेळेच्या आकड्याशी तुलना करावी. दैनंदिन चढउतार वजा करूनही तो त्या जागेच्या सरासरीपेक्षा तीन हेक्टोपास्कलने खाली असेल तर चक्रीवादळाचा संशय घ्यावा, पाचने खाली असेल तर ते जवळ आहे असे धरूनच मार्ग बदलावा.

किनारा दोन दिवसांवर असताना

या टप्प्यावर माणसे सैलावतात, म्हणून कामांची यादी आधीच लिहून ठेवावी. नांगर साखळीला पुन्हा जोडावा. इंजिन तासभर चालवून पुढे-मागे दोन्ही गिअर घालून पाहावेत. बंदराचा नकाशा सर्वांनी मिळून वाचावा. प्रत्येकाला आदल्या रात्री किमान सहा तास सलग झोप मिळेल अशी वाटणी करावी. अंधारात अनोळखी बंदरात शिरू नये. पहाट होईपर्यंत मोकळ्या समुद्रात शिडे कमी करून थांबावे. साठवलेला प्लॅस्टिकचा सर्व कचरा बांधून तयार ठेवावा. प्लॅस्टिक समुद्रात टाकण्यास जगात कोठेही परवानगी नाही. अन्नाचे उरलेसुरलेही किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत आले की टाकणे थांबवावे. उजव्या बाजूच्या दोरीवर पिवळा ध्वज चढवून आरोग्य आणि सीमाशुल्क अधिकाऱ्यांची वाट पाहावी.

ते येईपर्यंतच्या तासा-दोन तासांत प्रत्येकाच्या हातात कागद द्यावा आणि त्याला बोटीवर काय सैल झाले, काय गळले, काय संपले, काय उगीच आणले आणि स्वतःच्या शरीराला कशाचा त्रास झाला, ते लिहून काढायला सांगावे. हा कागद बोट बांधण्याच्या आणि उतरण्याच्या आधीच भरला जायला हवा, कारण किनाऱ्यावरची पहिली गोड्या पाण्याची आंघोळ झाली की यातील निम्म्या गोष्टी आठवत नाहीत.